आईला हवं तसं

रविवारची दुपार, पोटात वरणभात, बाहेर कार्ल्सरूहेचं फेब्रुवारीतलं मेलेलं ऊन, आणि समोर दहा मिनिटांचं भाषण. अशा वेळी जागं राहणं म्हणजे बापाच्या मायेची कसोटीच. नागेश सोफ्यावर ताठ बसला होता. टेकलो तर डोळा लागेल आणि डोळा लागला तर कौमुदी आठवडाभर बोलणार नाही, हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. चौदा वर्षांच्या मुलीचा रुसवा जर्मनीत वाढल्यामुळे काही कमी होत नाही. उलट इथे तिला स्वतःची खोली असते आणि खोलीला दार असतं. प्रभा स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ हातात घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली होती, कारण शाळेतल्या बाई, फ्राउ लिंडनर, अकराव्या मिनिटाला सरळ थांबवतात म्हणे. पुस्तकांच्या कपाटाला टेकवून कौमुदीने आपला प्लाकाट उभा केला होता. चांगला उशीच्या दोन अभ्र्यांएवढा कागद, त्यावर पांढऱ्या केसांचे टोप घातलेले सात-आठ पुरुष, त्यांच्यात भांडून घुसवलेली एक बाई, आणि या सगळ्यांना एकमेकांशी जोडणारे रंगीत बाण. "आल्झो," ती म्हणाली, म्हणजे 'तर मग', आणि सुरू झाली.

विषय एटिकच्या, म्हणजे नीतिशास्त्राच्या, तासाचा होता. घरचे कुठल्याच चर्चचे नसले की मुलं धर्माच्या तासाऐवजी या तासाला बसतात, आणि तिथे देवाऐवजी माणसांबद्दल बोललं जातं. अठराव्या शतकातले विचारवंत, आणि त्यांनी राज्याचं, विज्ञानाचं, समाजाचं काय केलं, यावर कौमुदीचा रेफेराट, म्हणजे वर्गापुढचं भाषण, होता. त्या वर्षी त्यांच्यातल्या एका थोर म्हाताऱ्याच्या मृत्यूला दोनशे वर्षं पुरी होत होती, त्यामुळे शाळाशाळांत या मंडळींचं पीकच आलं होतं. कौमुदी जर्मनमधून धडाधड बोलत होती. राजा म्हणाला म्हणून खरं, धर्मगुरू म्हणाला म्हणून खरं, हे ऐकायचं नाही असं या लोकांनी ठरवलं. कायदा करणारा, तो चालवणारा आणि न्याय देणारा हे तिघे एकच असले तर माणसाची धडगत नाही, असं त्यांनी लिहून ठेवलं. पूर्वी वादळात वीज पडू नये म्हणून चर्चच्या घंटा वाजवत आणि त्यात घंटा वाजवणारेच मरत. मग कुणीतरी शिखरावर लोखंडी सळई लावली. आपल्या या कार्ल्सरूहेच्या राजानेसुद्धा आधी कैद्यांचा छळ बंद केला, मग शेतकऱ्यांची जमीनदारांच्या गुलामीतून सुटका केली. आणि आज देशाच्या राज्यघटनेचं सर्वोच्च न्यायालय आपल्याच गावात, राजवाड्याच्या शेजारी, साध्या काचेच्या इमारतीत आहे. नागेशला वाटलं, पोरगी चांगलं बोलते. हात किती हलवते. हात हलवायची ही सवय कुणाची, हे तो आठवतच होता, तोवर कौमुदीने प्लाकाटच्या उजव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे टोप न घातलेला एक माणूस होता. पांढरा सदरा, जाड चष्मा, डोक्यावर माकडटोपी. "आणि हे विचार आज कुठे दिसतात? हे माझे आजोबा. भारतात एका लहान गावात ते विज्ञान शिकवायचे. मेल्यावर त्यांनी आपलं शरीर मेडिकल कॉलेजला दिलं. म्हणजे ते अजून शिकवतायत."

घड्याळ वाजलं. प्रभाने ते बंद केलं आणि मान वर करून नागेशकडे पाहिलं. नागेश जाजमाकडे पाहत होता. टाळ्या वाजवायला त्याला जरा उशीर झाला, पण कौमुदीच्या ते लक्षात आलं नाही; ती धापा टाकत विचारत होती की शेवट कसा वाटला, फ्राउ लिंडनरनी सांगितलं होतं की शेवट स्वतःचा हवा, पुस्तकातला नको. "छान झाला," तो म्हणाला. "खूप छान झाला गं." मग जरा हवा खाऊन येतो म्हणून तो बाल्कनीत गेला. हवा शून्याच्या खाली दोन अंश होती. खाली अंगणात शेजाऱ्यांचा कचऱ्याचा पिवळा डबा, पिशवी घालून बांधलेली सायकल, अर्धवट वितळलेलं बर्फ. सगळं जागच्या जागी होतं. त्याच्या मनातलं तेवढं जागेवरून सुटलं होतं. कारण अण्णा, त्याचे वडील, कुठल्याच कॉलेजात नव्हते. सव्वादोन वर्षांपूर्वी, ज्या दिवशी ते गेले त्याच दिवशी संध्याकाळी, तासगावच्या ओढ्याकाठी त्यांना जाळलं होतं. मडकं, पाणी, मंत्र, सगळं यथासांग. आणि ते नागेशच्या शब्दावरून झालं होतं.

अण्णा म्हणजे श्रीनाथ मास्तर. तासगावात त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता आणि त्यांच्याशी वाद घातला नाही असाही. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या पडवीत विज्ञान मंडळ भरायचं. दहा-पंधरा पोरं, एक भिंग, एक बेडूक, आणि मास्तरांचे हलणारे हात. युरोपातल्या या टोपवाल्यांच्या गोष्टी ते अशा सांगायचे की नागेशला लहानपणी ही सगळी मंडळी सांगली जिल्ह्यातलीच वाटत. गावातल्या देवळाच्या शिखरावर वीजवाहक तार बसवावी म्हणून अण्णांनी चार वर्षं ट्रस्टींची डोकी खाल्ली. ट्रस्टी म्हणाले, देवाला विजेची काय भीती. शेवटी म्हातारा पुजारीच म्हणाला, तांबंही देवानंच केलंय की, लावा. अण्णा त्या पुजाऱ्याला पुढे जन्मभर आपला सर्वात हुशार विद्यार्थी म्हणत. घरातसुद्धा त्यांचे प्रयोग चालत. नागेश नऊ वर्षांचा असताना त्यांनी जाहीर केलं की या घरात एकाच माणसाच्या हातात सत्ता राहणार नाही. आईने, म्हणजे यमुनाने, नियम करायचे, अण्णांनी ते अमलात आणायचे आणि न्यायाधीश नागेश. आई चुलीपुढून म्हणाली होती, "मी नियम करायचा होय? मग नियम असा, की मंडळाच्या पोरांनी चपला बाहेर काढायच्या. मास्तरांनीसुद्धा." पहिल्याच शनिवारी अण्णा बोलण्याच्या नादात चपलांसकट आत आले. नऊ वर्षांच्या न्यायाधीशाने घाबरत घाबरत बापाला आठ दिवस नळावरून पाणी भरायची शिक्षा दिली. अण्णांनी ती पूर्ण भोगली. खांद्यावर कळशी घेऊन येताना गल्लीतल्या लोकांना ते सांगत, "कायदा आहे बाबा, कायदा." नागेशला वाटलं होतं, असा बाप जगात कुणालाच नाही. अजूनही त्याला तसंच वाटत होतं आणि म्हणूनच तो बाल्कनीतून आत जात नव्हता.

मिरजेच्या मेडिकल कॉलेजचा देहदानाचा फॉर्म अण्णांनी सत्याऐंशी साली भरला. नागेश तेव्हा इंजिनिअर होऊन नुकताच पुण्याला नोकरीला लागला होता आणि दिवाळीला घरी आला होता. फराळाची ताटं बाजूला सारून अण्णांनी कागद पसरला. दोन सह्या लागत होत्या. एक शाळेतल्या सहकाऱ्याची झालेली होती. "दुसरी वारसाची," अण्णा म्हणाले, "तू कर. नीट वाच आधी. वाचल्याशिवाय सही करणारा माणूस मला नको." नागेशने वाचलं. त्याला अभिमान वाटला. त्याने आपल्या नव्या नोकरीतल्या नव्या पेनाने सही केली. आई चहा घेऊन आली होती. कागदावर डाग पडू नये म्हणून तिने कप लांब ठेवला आणि पदराला हात पुसत उभी राहिली. "म्हणजे यांना मिरजेला नेणार होय," ती म्हणाली. अण्णा म्हणाले, "हो. पोरं हृदय कसं असतं ते पुस्तकात बघतात, त्यापेक्षा माझं बघतील." ती हसली होती का? नागेशला आठवेना. चहा चांगला झाला होता, एवढं आठवत होतं.

मग जर्मनी. पंपांच्या कारखान्यात नोकरी, प्रभा, कौमुदी, चौथ्या मजल्यावरचं भाड्याचं घर. दोन हजार साली मे महिन्यात अण्णा-आई आले ते पहिल्यांदा आणि शेवटचं. मे महिन्यातही अण्णांनी माकडटोपी काढली नाही. या गावचे रस्ते राजवाड्यापासून पंख्याच्या काड्यांसारखे निघतात, हे त्यांना फार आवडलं, म्हणाले, "एकेका रस्त्यानं चालत गेलं तरी कुठल्या ना कुठल्या नव्या विचाराला पोचेल माणूस." न्यायालयासमोर ते थांबले. भिंत नाही, कुंपण नाही, आतली माणसं कागद घेऊन चालताना बाहेरून दिसतात. अण्णांनी माकडटोपी काढली आणि मिनिटभर तसेच उभे राहिले. बाजूने सायकलवाले घंटी वाजवत गेले. नागेशला त्या क्षणी लाज वाटली होती. कुणी बघेल, हसेल. आता त्या लाजेची लाज वाटत होती. रोज दुपारी आजोबा आणि नात राजवाड्याच्या बागेत फिरायला जात. आजोबा मराठीत बोलणार, ती जर्मनमध्ये उत्तर देणार, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळणार, हा चमत्कार नागेशने एका रविवारी त्यांच्या मागून चालत बघितला होता. तिथेच केव्हातरी अण्णांनी दहा वर्षांच्या कौमुदीला सांगून टाकलं होतं, "मी मेलो ना, की कॉलेजात जाणार आहे. शिकायला नाही, शिकवायला. तोंड बंद ठेवून शिकवणार, म्हणजे तुझी आजी म्हणेल, एकदाचे गप्प बसले." कौमुदी हसत हसत ते सगळ्यांना सांगत सुटली होती. आईही हसली होती. हो, तेव्हा ती नक्की हसली होती.

नोव्हेंबरातला तो फोन सकाळी सव्वादहाला आला. नागेश मीटिंगमध्ये होता. चुलतभाऊ मोहनचा आवाज, मागे बायकांचं रडणं. "काका गेले रे. जेवून जरा पडले ते उठलेच नाहीत." नागेश कॉरिडॉरमध्ये, कॉफीच्या मशीनजवळ उभा होता. मोहन भराभरा बोलत होता. मिरजेला फोन केला होता, ते गाडी पाठवतायत, पण मुलगा हो म्हणतोय का विचारतायत. आणि इथे सगळे म्हणतायत, मास्तरांना असं कसं पाठवायचं, अग्नी तरी द्यायला हवा, काकू रडतायत. "तू सांग, नागेश. तू म्हणशील तसं." मशीनमधून कुणासाठी तरी कॉफी पडत होती. नागेशच्या डोळ्यांपुढे संगमरवरी टेबल आलं. कॉलेजात असताना मित्राबरोबर एकदा तो मेडिकलच्या त्या हॉलमध्ये गेला होता, तो वास आला. आणि त्या टेबलावर अण्णा. त्यांचे हात. तो म्हणाला, "आईला हवं तसं करा." मोहन म्हणाला, "बरं, बरं," आणि त्याच्या आवाजातला सुटकेचा भाव नागेशला ऐकू आला. फोन ठेवून तो मीटिंगमध्ये परत गेला आणि शाफ्टमधून तेल का गळतं यावर त्याने वीस मिनिटं व्यवस्थित बोलून दाखवलं. मग एकाएकी त्याला बोलता येईना, तेव्हा शेजारच्याने विचारलं की बरं वाटत नाहीये का.

तिसऱ्या दिवशी तो तासगावला पोचला तेव्हा पडवीत अण्णांच्या जागी पणती होती. आईने त्याला गरम पाणी काढून दिलं. लोक म्हणत होते, बरं केलंस बाबा, आईचं मन राखलंस. त्याने ते ऐकून घेतलं. ऐकून घेतलं की हळूहळू खरं वाटायला लागतं. परत आला तेव्हा कौमुदी दारातच उभी होती, अकरा वर्षांची, मोजे घातलेली. तिने विचारलं, "आजोबा कॉलेजात गेले?" त्याने बॅग खाली ठेवली. "गेले," तो म्हणाला. मूल आहे, मोठी झाली की सांगू. त्यानंतर ती डॉक्टर व्हायचं म्हणायला लागली. त्यानंतर तिने वर्गात सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं, आणि आता ते सुंदर गोल अक्षरात प्लाकाटवर उतरवलं होतं. उद्या तिसऱ्या तासाला ती सव्वीस मुलांसमोर छाती पुढे काढून बापाचं खोटं बोलणार होती, आणि बोलताना आजोबांसारखे हात हलवणार होती.

बाल्कनीचं दार उघडलं. प्रभा शाल घेऊन आली आणि तिने ती त्याच्या खांद्यावर टाकली. तिला सगळं माहीत होतं. परत आला त्याच रात्री त्याने तिला सांगितलं होतं आणि तिने त्यावर कधी शब्द काढला नव्हता. "सांगणार आहेस का?" तिने विचारलं.

"वर्गाला काय फरक पडतोय?"

"वर्गाचं राहू दे रे." ती कठड्याला टेकली. "तिला कधीतरी कळणारच. तासगावला जाईल, मोहनभाऊजी बोलून जातील. तेव्हा तिला वाटेल, आईबापांनी मिळून फसवलं. मलाही जबाबदार धरेल ती, आणि बरोबर धरेल."

"ती मला मानते, प्रभा."

"म्हणून तर," प्रभा म्हणाली आणि आत निघून गेली.

आत कौमुदी जमिनीवर पालथी पडून एका बाणाला हिरवा रंग देत होती. नागेश तिच्या शेजारी खाली बसला. गुडघे वाजले. कसं सुरू करावं ते त्याला कळेना, म्हणून त्याने मधूनच सुरू केलं, कॉफीच्या मशीनपासून. मोहनकाकाचा फोन, गाडी येत होती ते, काकू रडतायत म्हणाला ते, आणि आपण काय म्हणालो ते. सांगताना त्याने स्वतःला कुठे वाचवलं नाही. अण्णांचं शरीर कॉलेजात गेलं नाही, त्यांना जाळलं, आणि तू दारात विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. कौमुदीच्या हातातलं स्केचपेन कागदावर टेकलेलं राहिलं आणि तिथे हिरवा ठिपका मोठा होत गेला. ती उठून बसली. चेहरा लाल झाला होता.

"तू खोटं बोललास," ती जर्मनमध्ये म्हणाली.

"हो."

"मी सगळ्यांना सांगितलं. दोन वर्षं सांगतेय."

"हो गं. माझं चुकलं."

ती रडेल किंवा दार आपटून खोलीत जाईल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. दोन्हींतलं काहीच झालं नाही. ती प्लाकाटकडे बघत राहिली, ओठ चावत, गणित सुटत नसलं की बघते तशी. "तू म्हणालास, आईला हवं तसं. मग आजीला काय हवं होतं?"

"अग्नी द्यायचा होता. मोहनकाका म्हणाला की..."

"मोहनकाका नाही. आजी. आजी काय म्हणाली?"

नागेश आठवू लागला. काय म्हणाली आई? मागे बायका रडत होत्या. मोहन म्हणाला, इथे सगळे म्हणतायत. काकू रडतायत, म्हणाला. काकू काय म्हणतायत, हे तो म्हणाला नव्हता. नागेशने तो संवाद गेल्या सव्वादोन वर्षांत हजार वेळा मनात ऐकला होता, प्रत्येक वेळी स्वतःच्या तेवढ्या तीन-चार शब्दांपाशी येऊन थांबला होता, आणि त्या शब्दांच्या पलीकडे आई बसलेली आहे, घरातच, फोनपासून दहा पावलांवर, हे त्याच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. आईला फोन दे, एवढंसुद्धा तो म्हणाला नव्हता.

"तू तिला विचारलंस?" कौमुदीने विचारलं.

"नाही."

"आणि तो फॉर्म? त्यावर आजीची सही होती?"

चहाचा कप. पदराला पुसलेले हात. "नाही," नागेश म्हणाला. "माझी होती."

कौमुदीने कोपऱ्यातल्या माकडटोपीकडे पाहिलं. "आजोबांनी पण नाही विचारलं?" ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. मग ती उठली आणि फोन घेऊन आली. स्वस्तात फोन लागावा म्हणून आधी फिरवायचा पाच आकडी नंबर, मग भारत, मग तासगाव. आकडे तिला पाठ होते, दर रविवारी नागेशला फिरवताना बघून. तिने स्पीकर लावला आणि फोन जाजमावर, दोघांच्या मधे ठेवला. तिकडे संध्याकाळचे सात वाजले असतील. सहाव्या घंटीला आईने उचलला.

"आजी, मी कौमुदी."

"अगं बाई! आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा? बाबा बरा आहे ना?"

"बरा आहे. आजी, मी उद्या शाळेत आजोबांचं सांगणार आहे. मला खरं सांगायचंय." इथवर मराठी नीट आली, पुढची तिला जुळवावी लागत होती. "आजोबा गेले ना, तेव्हा तुला काय पाहिजे होतं? कॉलेज? की आग?"

तिकडे टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. "हे तुला कुणी विचारायला सांगितलं? बाबानं?"

"नाही. मीच."

"मला कुणी विचारलंच नाही बघ," आई म्हणाली. तक्रार नव्हती, शेजारणीला पाऊसपाणी सांगावं तशी ती सांगत होती. "त्यांनी फॉर्म भरला तेव्हाही नाही आणि गेले तेव्हाही नाही. मोहन पडवीतला फोन ठेवून आत आला, म्हणाला, नागेश म्हणतोय आईला हवं तसं करा. आणि सगळे उठलेच की गं. बांबू आणायला गेले. मी म्हटलं, असेल. मला हेच हवं असेल."

"पण तुला काय पाहिजे होतं?"

"मला होय? मला ते तासभर घरात हवे होते. नुसते. मग न्या म्हटलं असतं. कॉलेजातच न्या म्हटलं असतं, त्यांचा शब्द होता, मी कशाला मोडू? पण गाडी यायची तरी घाई आणि अग्नी द्यायचा तरी घाई. पाय गार पडले होते गं त्यांचे. थंडीत नेहमीच पडायचे, मी चोळून द्यायची. तेवढे चोळायचे होते. एवढ्या माणसांपुढं कसे चोळणार?"

कौमुदीने तोंडावर हात ठेवला. स्वयंपाकघराच्या दारात प्रभा उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. नागेश फोनच्या काळ्या डबीकडे पाहत होता. दोन्ही बाजूंनी किती शहाणी माणसं होती त्या दिवशी, शास्त्रवाली आणि विज्ञानवाली, आणि मधे एक बाई भिंतीला टेकून बसली होती.

"आजी," कौमुदी नाक ओढत म्हणाली, "मी हे शाळेत सांगू?"

"काय सांगशील?"

"की आजोबा खूप ग्रेट होते. आणि त्यांनी तुला विचारलं नाही. आणि बाबानेपण नाही."

तासगावात आई हसली. अगदी मोकळी, तोंडाला पदर न लावता. "सांग, सांग. समोर असते तर त्यांनीच पहिली टाळी वाजवली असती. म्हणाले असते, बरोबर पकडलंस. कुणी चूक दाखवली की मोठा आनंद व्हायचा त्यांना. दाखवायची मात्र दुसऱ्यानंच. मी कधी दाखवली नाही, हीसुद्धा माझी चूकच की."

नागेशने फोन उचलला. स्पीकर बंद करायचं त्याच्या लक्षात आलं नाही. "आई," तो म्हणाला. "आई, माझं चुकलं. तुला विचारायला हवं होतं."

"असू दे रे. तू लांब होतास."

"लांब होतो म्हणून नाही." हे त्याने प्रभालाही सांगितलं नव्हतं. सांगायला लागल्यावर त्याला ते स्वतःलाही प्रथमच कळत होतं. "तू कॉलेजात न्या म्हणाली असतीस, तर मला हो म्हणावं लागलं असतं. आणि ते टेबल, ती मुलं, सुऱ्या... मला बघवेना. इतक्या लांबूनही बघवेना. मी घाबरलो, आई. आणि तुझं नाव पुढे केलं."

कौमुदी सरकत आली आणि तिने बापाच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली. लहानपणी टेकायची तशीच.

"मग तसं म्हणायचंस की, वेड्या," आई म्हणाली. आवाज जरा ओला झाला होता. "मी तरी कुठं धीराची होते? फोन माझ्याकडं द्यायला सांगायचास. दोघं मिळून घाबरलो असतो."